आभाराचा फ्लेक्स

निगडी प्राधिकरण,
९ फेब्रुवारी

आदरणीय कुसुमताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर काही वाचायचं नाही ही तुमची प्रतिज्ञा. म्हणून इतिहासाचा हा प्राध्यापक कित्येक वर्षांनी पोस्टाची पाकिटं विकत घेऊन आला आहे. निवृत्त होऊन उदगीरला जाताना प्राध्यापक संघटनेचं सचिवपद तुम्ही माझ्या गळ्यात घातलंत आणि म्हणालात, काय करतोस ते कळवत जा. तर कळवतो.

आज सकाळी आपलं शिष्टमंडळ आमदार साहेबांना भेटून आलं. त्यांच्या कार्यालयात रविवारी जत्रा असते. मोशीच्या एका सोसायटीतल्या बायका पाण्यासाठी आल्या होत्या, कुणी पोराच्या ॲडमिशनसाठी आला होता, कुणी नुसताच हार घेऊन उभा होता. पण साहेबांचे पीए दिग्विजय यांनी आम्हाला पाहिलं आणि बाजूच्या दारानं थेट आत नेलं. प्राध्यापकांना अजून मान आहे, ताई. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, तुम्ही आमचे गुरुजन.

आपल्या दोन्ही मागण्या मांडल्या. रिकाम्या जागा भरा, आणि विनाअनुदानित वर्गांना सरकारी अनुदान द्या. तासिकेवर राबणाऱ्यांना कायम करायचं तर अनुदानाशिवाय मार्ग नाही, हे मी साहेबांना व्यवस्थित समजावून सांगितलं. ते म्हणाले, "विषय मी घेतला. या अधिवेशनात मार्गी लावतो. समजा झालंच."

तुमची भाची वर्षाली मॅडमही सोबत होत्या. शिष्टमंडळात एक तरी महिला हवीच. त्या बरेच मुद्दे काढून आल्या होत्या, पण तेवढ्यात फोटोग्राफर आला आणि वेळ संपली. मी म्हटलं, मॅडम, पुढच्या वेळी नक्की. फोटो मात्र झकास आला आहे. निवेदनाचा कागद आम्ही सगळ्यांनी एकेका कोपऱ्याला धरला आहे.

तुमचे आशीर्वाद असू द्यावेत.

आपला,
निरंजन


उदगीर,
१८ फेब्रुवारी

प्रिय निरंजन,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग जरा गंभीर झाले. साहेब उठून उभे राहिले हे तू दोन ओळींत लिहिलंस. त्यांनी निवेदन वाचलं का, हे कुठंच लिहिलं नाहीस. 'समजा झालंच' हे वाक्य मी सचिव असताना इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता ते ऐकू येत नाही याचं दुःख नाही.

आणि हो, वर्षालीला बोलू द्यायचं होतंस. भूगोलाच्या त्या विनाअनुदानित वर्गांवर शिकवते ती. काय हाल आहेत ते तिच्याइतकं तुला ठाऊक नाही. आपण दोघंही कायम पगारावरची माणसं. सुट्टीत आपला पगार चालू राहायचा, तिचा बंद होतो.

तुला एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तिनं तुला सांगितली नसणार. तिच्या घरी आता रोज विषय निघतो. चाकणच्या एका कंपनीत ट्रेनिंग डिपार्टमेंटला जागा आहे, नवऱ्याच्या ओळखीनं मिळते आहे. तिच्या सासूबाई, भागूबाई, मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या, सरळ बाई. त्या तिला म्हणतात, "शिकवतीस ते खरं हाय, पर नोकरी कुटं हाय ती?" जूनपर्यंत थांबा, अनुदान येतंय, एवढंच ती म्हणते. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेली, पोरांना जीव लावणारी मुलगी. तिला या पेशात मी आणलं. ते अनुदान आलं तर ती शिक्षिका राहील, नाही आलं तर नाही. इतकं ते सरळ आहे.

म्हणून मीही हातावर हात धरून बसलेली नाही. आपल्या कॉलेजची विजयश्री आठवते? रहाटणीला मामाकडं राहून शिकायची, वक्तृत्वाच्या ढाली आणायची. लग्न होऊन मराठवाड्यात आली आणि आता आमदार आहे. विरोधी बाकांवर आहे, पण आवाज खणखणीत. तिच्या घरी जाऊन बसले. ती या अधिवेशनात लक्षवेधी मांडते आहे. मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागेल आणि ते छापलं जाईल. फोटोपेक्षा ते बरं.

तुझी,
कुसुमताई


निगडी प्राधिकरण,
२ मार्च

आदरणीय कुसुमताई,
सप्रेम नमस्कार.

विजयश्रीचं वाचून आनंद झाला, पण थोडी काळजीही वाटली. रागावू नका. आपले आमदार सत्ताधारी बाजूचे. त्यांनी विषय हातात घेतला आहे. अशा वेळी विरोधकांनी तोच विषय उचलला तर श्रेयाचा प्रश्न येतो. दिग्विजय मला परवा म्हणाले, "सर, साहेबांनी ताट वाढलंय, दुसऱ्यानं हात घालाया नको." विजयश्रीला पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबता येईल का? तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल.

इथं वातावरण फार चांगलं आहे. साहेबांचा वाढदिवस झाला. भक्ती-शक्ती चौकात, मेट्रोचं काम चालू आहे तिथं, प्राध्यापकांच्या वतीनं त्यांच्या आभाराचा मोठा फ्लेक्स लागला आहे. येणारेजाणारे थांबून वाचतात. इतकी वर्षं आपला प्रश्न कुणाच्या खिजगणतीत नव्हता, तो आज चौकात आला आहे. बसमध्ये एका माजी विद्यार्थ्यानं मला उठून जागा दिली आणि अभिनंदन केलं.

वर्षाली मॅडम बऱ्या आहेत. कामात असतात, फारशा बोलत नाहीत.

आपला,
निरंजन


उदगीर,
१० मार्च

प्रिय निरंजन,

विजयश्री थांबणार नाही आणि मी तिला सांगणारही नाही. कसलं ताट आणि कुणी वाढलं? ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना अजून घास मिळालेला नाही आणि तुमचं हात कुणी घालायचा यावर चाललं आहे. श्रेय हवं असेल तर ते तुझ्या साहेबांना घे म्हणावं. पोत्यानं घे. आम्हाला अनुदान हवं.

आणि तो फ्लेक्स कोणी लावला? फ्लेक्स काही आपोआप लागत नाही. आणि आभार कशाचे? अजून काय मिळालं आहे? त्यावर नेमकं काय लिहिलं आहे ते मला उलट टपाली कळव.

कुसुमताई


उदगीर,
२७ मार्च

निरंजन,

तुझं उत्तर आलं नाही. आता मीच कळवते.

विजयश्रीची लक्षवेधी परवा आली. ती तयारीनं उभी राहिली होती. वर्षालीनं काढलेले मुद्दे मीच तिला पाठवले होते. सुट्टीत मानधन नाही, दर जूनला नव्यानं मुलाखत, बाळंतपणाला रजा नाही, सगळं. सभागृह ऐकत होतं म्हणाली. एवढ्यात तुमचे आमदार उभे राहिले. म्हणाले, सन्माननीय सदस्या कुठल्या काळात आहेत? ज्या प्राध्यापकांसाठी त्या रडत आहेत, त्यांनीच माझे जाहीर आभार मानले आहेत. आणि त्यांनी त्या फ्लेक्सचा फोटो असलेला मोबाइल वर धरला. 'विनाअनुदानित वर्गांना अनुदान मंजूर करून घेतल्याबद्दल जाहीर आभार.' खाली सगळ्यांचे फोटो. अध्यक्षांनी फोन खाली ठेवायला सांगितलं, पण तोवर सगळं सभागृह हसलं होतं. तिच्या बाजूचेसुद्धा हसले. मंत्री उठले आणि म्हणाले, संबंधितांचं समाधान झालेलं दिसत असल्यानं वेगळ्या उत्तराची गरज नाही. संपलं.

रात्री तिनं माझ्या सुनेच्या फोनवर फोन केला. सून माझ्या कानाशी ओरडून सांगत होती आणि मला वाटत होतं, ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. विजयश्री म्हणाली, "मॅडम, फोटोत मधोमध निरंजन सर आहेत."

मी तिला काय म्हणाले ते ऐक. मी म्हणाले, माझा निरंजन असं करणार नाही. ही पुढाऱ्यांची माणसं कुणाचाही फोटो उचलून फ्लेक्सवर चिकटवतात, विचारतसुद्धा नाहीत. मग मी वर्षालीलाही चिठ्ठी लिहून विचारलं. तिनंही कळवलं, 'सरांचा त्यात हात नाही, मावशी.' तेव्हा जिवात जीव आला.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पण दोन ओळी लिही.

कुसुमताई


निगडी प्राधिकरण,
६ एप्रिल

आदरणीय कुसुमताई,

उत्तराला उशीर झाला. परीक्षेचं काम होतं.

झालं ते फार वाईट झालं. तुम्ही माझी बाजू घेतलीत, तुमचे उपकार कसे फेडू? अशा गोष्टींत कुणी काय केलं याचा छडा लागत नाही, लागून उपयोगही नसतो. कार्यालयातल्या मंडळींचा उत्साह नडला असं म्हणायचं. तो फ्लेक्स आता उतरवला आहे.

एक चांगली बातमी आहे, म्हणजे निदान बातमी आहे. साहेबांना आपल्याबद्दल आपुलकी आहेच. त्यांनी आमदार निधीतून आपल्या कॉलेजला भव्य स्वागत कमान मंजूर केली आहे. एक मे रोजी उद्घाटन आहे.

अनुदानाचा पाठपुरावा सुरूच राहील.

निरंजन


उदगीर,
१५ एप्रिल

प्रिय निरंजन,

कमानीचं वाचलं. अनुदान मागायला गेलात आणि कमान घेऊन आलात. कमानीखालून वर्गात जाऊन शिकवणारं कोणी उरणार आहे का, हे साहेबांना विचारलंस?

असू दे. तुझं पत्र इतकं पडलेलं होतं की तुला आणखी टोचून बोलवत नाही.

वर्षालीनं चाकणची नोकरी घेतली. जूनपासून जाईल. नवीन कामगारांना मशीनजवळ कसं उभं राहायचं, हेल्मेट का घालायचं ते शिकवायचं आहे. पगार बरा आहे, कंपनीची बस मोशीतून नेते. सगळे खूश आहेत. तिनं मला चार ओळींचं कार्ड पाठवलं. 'मावशी, शिकवणंच आहे हेही.'

तिला नीट निरोप दे. ती तुझ्यावर अजिबात रागावलेली नाही. तुझ्याबद्दल ती नेहमी चांगलंच बोलते.

कुसुमताई


निगडी प्राधिकरण,
४ मे

कुसुमताई,

आज नमस्कार लिहिण्याचीही लाज वाटते आहे.

फ्लेक्स मीच लावला. कार्यालयातल्या मंडळींनी नाही. माझा फोटो कुणी चिकटवला नाही, मी तो निवडून पाठवला. तुम्ही विजयश्रीला माझ्यासाठी शब्द दिलात, तेव्हा मी गप्प बसलो. नंतर पत्र लिहून तुमचे आभारही मानले. त्या पत्रातला एकेक शब्द मी असा निवडला होता की खोटंही म्हणता येऊ नये आणि तुम्हाला खरंही कळू नये. शिक्षणाचा हा उपयोग मी केला.

झालं असं. साहेबांना भेटून आलो त्याच आठवड्यात दिग्विजयचा फोन आला. "सर, साहेबांचा वाढदिवस येतोय. हारतुरे सगळेच आणत्यात. तुमी शिकल्यालं लोक. आभाराचा एक मोठा बोर्ड लावा. साहेबांना बरं वाटलं की काम व्हतंय, राव." मी म्हटलं, अहो, पण अजून झालं कुठं आहे? तो हसला. "सर, हितं बोर्ड आधी लागतो आन् रस्ता मागनं व्हतो. समद्यांना म्हाईत हाय."

ते खरंही आहे, ताई. या शहरात पूल बांधायच्या आधी पुलाचे आभार लागतात आणि कुणी काही मनावर घेत नाही. मला वाटलं, आपणही तसंच करू. चारचौघांत आधी आभार मानून टाकले की माणसाला लाजेकाजेस्तव काम करावंच लागेल. मला ही फार मोठी युक्ती वाटली होती. वर्गात मी मुलांना दरबारातल्या खुशमस्कऱ्यांवर अख्खा तास घेतो.

आणि नुसती युक्तीच होती असंही नाही. मला तो फ्लेक्स आवडला होता. साहेबांचा फोटो मोठा, खाली ओळीनं आम्ही, त्यात मधोमध मी. 'संघटनेचे झुंजार सचिव'. संध्याकाळी बायकोला स्कूटरवर बसवून मुद्दाम चौकात घेऊन गेलो. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "फोटो छान आलाय. पण हे मंजूर कधी झालं?" मी तिला म्हटलं, तुला राजकारणातलं कळत नाही.

तुमची पत्रं आल्यावर कबूल करायला हवं होतं. नाही केलं. मग एक मे आला.

कमानीच्या उद्घाटनाचं सूत्रसंचालन वर्षाली मॅडमनी केलं. असं कुठलंही काम निघालं की आम्ही कायमचे लोक तासिकेवरच्यांकडं बघतो, तुम्हाला माहीतच आहे. त्या नोकरी सोडून चालल्या आहेत, तरी प्राचार्यांनी सांगितलं म्हणून आल्या. नवी साडी नेसून आल्या होत्या. साहेबांनी फीत कापली. मग मॅडमनी माइकवर म्हटलं, "ज्यांच्या अथक पाठपुराव्यामुळे आजचा दिवस उगवला, त्या प्राध्यापक निरंजन सरांचा सत्कार..." आवाजात काहीही नव्हतं, टोमणा नाही, राग नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या वाजल्या. उन्हात ती शाल घेऊन मी उभा होतो आणि मला घाम फुटला होता.

मांडव रिकामा झाल्यावर त्या माइकची वायर गुंडाळत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "मॅडम, एक सांगायचंय. तो फ्लेक्स मीच लावला होता. मावशींना मी खरं सांगितलेलं नाही."

त्या वायर गुंडाळतच राहिल्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे, सर. मजकूर मीच टाइप करून दिला होता."

मी विचारलं, "कधी?"

"तुम्ही स्टाफरूममध्ये माझ्यापुढं कागद ठेवलात. म्हणालात, मॅडम, एवढं जरा करून द्या, अर्जंट आहे. आणि तासाला गेलात."

ताई, मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. मी तो कागद कुणापुढं तरी ठेवला एवढंच आठवतं, ते कोण होतं ते नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या ओळीवर होतं, त्याच्याकडूनच मी ती ओळ टाइप करून घेतली आणि विसरलो.

मी विचारलं, "तेव्हाच का बोलला नाहीत?"

त्या म्हणाल्या, "सर, मला खरंच वाटलं होतं. 'मंजूर करून घेतल्याबद्दल' असं लिहिलेलं होतं ना. मला वाटलं, तुम्हाला आतून कळलं असेल. मी घरी जाताना पेढे घेऊन गेले. सासूबाईंनी देवापुढं ठेवले, सगळ्या आळीत वाटले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, 'अहो, होईल की, एवढी घाई काय?'"

तेही मला आठवत नाही.

"आणि मावशींना का सांगितलं नाहीत?"

"जूनमध्ये परत मुलाखत तुमच्यासमोरच द्यायची होती, तोवर माझं कंपनीचं ठरलं नव्हतं. आणि मावशीनं तुम्हाला सचिव केलं. तिला कळलं असतं तर तिला स्वतःचीच लाज वाटली असती."

मग त्यांनी वायरचं भेंडोळं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे तेवढं ऑफिसात द्याल, सर? माझी बस जाईल."

हे सगळं मी तुम्हाला माफीसाठी लिहीत नाही. काय करू ते सांगा. सांगाल ते करीन.

निरंजन


उदगीर,
१२ मे

निरंजन,

तुझं पत्र मी सुनेला वाचायला दिलं नाही. घरात कुणी विचारलं तर काय सांगू?

वर्षालीचं म्हणणं खरं ठरलं. मला माझीच लाज वाटते आहे, आणि ती फक्त तुला सचिव केल्याची नाही. ती पोर दर जूनला म्हणायची, मावशी, सोडू का? आणि मी म्हणायची, थांब, येईल. मी निवृत्त झाले, पेन्शन घेऊन घरी आले आणि इथं बसून तिला थांब म्हणत राहिले. तू कागदावर जे लिहिलंस ते मी तिला तोंडानं सांगत होते. फ्लेक्सवर माझा फोटो नव्हता एवढंच.

आता काय करायचं ते लिहिते. सचिवपद सोड. विजयश्रीला समोर जाऊन भेट, फोन नको. अनुदान मंजूर झालेलं नाही आणि तो फ्लेक्स तू लावलास हे सहीनिशी लिहून दे. त्याशिवाय तिला हा विषय सभागृहात पुन्हा काढता येणार नाही. ते कदाचित पेपरात येईल. येऊ दे.

तुला माफ केलं असं लिहायचा मी प्रयत्न केला. हात चालला नाही. पण पत्र पाठवत जा.

कुसुमताई


निगडी प्राधिकरण,
२५ जून

आदरणीय कुसुमताई,
नमस्कार.

तुम्ही सांगितलंत ते केलं. विजयश्रीला मुंबईत आमदार निवासात जाऊन भेटलो. माझी विद्यार्थिनी, पण तिनं बसा म्हणेपर्यंत मी उभा राहिलो. सगळं लिहून दिलं. तिनं ते वाचलं, माझ्यासमोरच पुन्हा एकदा वाचलं आणि फाइलमध्ये ठेवलं. म्हणाली, "सर, मी येत्या पावसाळी अधिवेशनात परत मांडीन. पण त्या दिवशी लोक हसले ना, ते आता पुसता येणार नाही. मी उभी राहिले की त्यांना तो फ्लेक्सच आठवणार." मग तिनं चहा मागवला. मला तो नको होता, पण नको म्हणायचा हक्क आपल्याला नाही असं वाटून सगळा प्यायलो.

पेपरात कोपऱ्यात बातमी आली. दिग्विजयचा फोन आला, "काय हे सर, घरातलं भांडण चव्हाट्यावर न्हेलं तुमी." संघटनेच्या बैठकीत मी राजीनामा दिला. मला वाटलं होतं लोक तोंडावर बोलतील. कुणी काही बोललं नाही. उलट दोघांनी बाहेर येऊन हळूच सांगितलं, सर, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, फ्लेक्स तर सगळेच लावतात. लाज वाटायला माणसाला सोबत लागते हे मला तेव्हा कळलं. ती फक्त तुमच्याकडं मिळते.

वर्षाली मॅडम कामावर रुजू झाल्या. त्यांना निरोप द्यायचा राहिला नाही, दिला. त्यांनी भाषण केलं नाही. नंतर एकदा सकाळी मोशीजवळ कंपनीची बस सिग्नलला थांबली होती, खिडकीशी त्या होत्या. मी स्कूटरवर खाली. त्यांनी मला बघून हात केला, नेहमीसारखा. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

आता काल झालेलं सांगतो, आणि थांबतो.

भूगोलाच्या रिकाम्या झालेल्या तासिकांसाठी मुलाखती होत्या. सचिवपद गेलं तरी कॉलेजातला ज्येष्ठ म्हणून समितीत मी आहेच. सुप्रिया नावाची मुलगी आली होती, चाकणजवळच्या खेड्यातली. सेट पास. चांगली तयारी, डोळ्यांत चमक. प्राचार्यांनी तिला मानधनाचं सांगितलं, सुट्टीत मिळणार नाही तेही सांगितलं. तिनं मान हलवली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "सर, या वर्गांना अनुदान येणार आहे असं ऐकलं. कधीपर्यंत येईल?"

दर वर्षी हा प्रश्न येतो आणि दर वर्षी मी म्हणतो, प्रयत्न चालू आहेत, येईल. प्राचार्य माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "माहीत नाही. येईल असं धरून इथं थांबू नका. दुसरं काही मिळत असेल तर घ्या." प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

ती मुलगी हसून म्हणाली, "चालेल, सर. मी थांबते."

ताई, मला उठून तिला दारापर्यंत पोचवून यावंसं वाटलं. पण सोमवारपासून त्या वर्गात उभं राहायला कोणी नाही, आणि आलेल्यांत तीच सगळ्यांत चांगली होती. निवडीच्या कागदावर पहिली सही मी केली.

आपला,
निरंजन